सी की पायथन?

डिचोली, रविवार

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू अगदी रडवेली झाली होतीस. कॉलेजात सी, मैत्रिणींचं पायथन, कुणी तर जावाचा क्लासही लावलाय; यातली कुठली प्रोग्रामिंगची भाषा आधी शिकायची, हेच तुला कळेना. बसच्या गर्दीत मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

तू पायथनपासून सुरुवात कर. मी स्वतः आधी सी शिकलो, तरी हेच सांगेन. माझे पहिले दोन महिने राहिलेला सेमीकोलन आणि स्कॅनएफ या आकडे वाचून घेणाऱ्या आज्ञेतलं विसरलेलं अँपरसँड (& ही खूण) शोधण्यात गेले. गणित सुचलेलं असायचं, पण ते कागदावरच राहायचं. पायथनमध्ये तेच चार ओळींत उतरतं. लॅबमधला प्रत्येक प्रोग्राम खोलीवर आधी पायथनमध्ये सोडव, तो चालला की सीमध्ये लिही. जावाचं आत्ता मनातही आणू नकोस.

पण सी परीक्षेपुरतं उरकू नकोस हो. १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी ती बेल लॅब्समध्ये ऑपरेटिंग सिस्टिम लिहिण्यासाठी घडवली, त्यामुळे ती मशीनच्या फार जवळ आहे. हे मला कळलं ते एका दूध सोसायटीच्या हिशेबात. टर्बो सी या तेव्हाच्या कंपायलरवर (प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर) मी प्रोग्राम केला, दहा नोंदी घालून पाहिल्या, सगळं बरोबर. महिनाअखेरीस एकेका शेतकऱ्याचे रुपये जुळले, पण एकूण बेरीज ४१,००० च्या जागी उणे २४,५३६! सेक्रेटरी माझ्याकडे बघत राहिले. रात्री दोन वाजता उलगडा झाला: टर्बो सीमधल्या इंटला, म्हणजे पूर्णांक ठेवायच्या नेहमीच्या खणाला, दोनच बाइट जागा, त्यात ३२,७६७ च्या पुढचा आकडा मावत नाही, तो उलटून उणे होतो. इंटच्या जागी लाँग हा मोठा खण लिहिला आणि हिशेब जुळला. आकड्यालाही जागा लागते, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पायथनमध्ये पूर्णांक लागेल तसा वाढतो, म्हणून ही चूक तुला तिथे कधी भेटणारच नाही. ती सीमध्ये मुद्दाम करून बघ. आताच्या कंपायलरमध्ये इंट बहुधा चार बाइटचा असतो, तेव्हा शॉर्ट हा दोन बाइटचा खण वापर.

चवथीला येताना लॅपटॉप आण. दुधाची ती जुनी वही मी माळ्यावरून काढून ठेवलीय. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधून झाली की दोघं बसू.

तुझे,
बाबा