ओकलंडचा रिकी

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
5 जानेवारी 2025

प्रिय सुहास,

पत्र मिळालं. ‘क्रिकेट सोडून त्या बेसबॉलमध्ये तुला काय सापडलं?’ हा टोमणाही पोचला. मला ओकलंडच्या संघातला रिकी हेंडरसन सापडला. 20 डिसेंबरला तो न्यूमोनियाने गेला. सहासष्टावा वाढदिवस पाच दिवसांवर आला होता.

रिकीची ख्याती बेस चोरण्याची. ते म्हणजे काय, ते आधी सांगतो. मैदानावर चार बेस, म्हणजे ठिकाणं, असतात. एकेक गाठत फेरी पुरी केली की एक रन. आपल्याकडे नॉन-स्ट्रायकर चेंडू पडायच्या आत क्रीज सोडून निघाला तर लोक नाकं मुरडतात. इथे ते कसब. पिचर फलंदाजाकडे चेंडू फेकायला हलला की पहिल्या बेसवरचा गडी 90 फुटांवरच्या दुसऱ्या बेसकडे सुटतो. कॅचरचा, म्हणजे इथल्या यष्टिरक्षकाचा, फेकलेला चेंडू पोचायच्या आत हा पोचला तर बेस याचा, नाहीतर बाद. नुसत्या वेगाने भागत नाही, पिचरची टाच, गुडघा, खांदा, सगळं वाचावं लागतं. रिकी शेवटी डोकं पुढे करून पालथा झेपावायचा. विमान अलगद कसं उतरतं ते बघून ही झेप घोटली, असं तो सांगायचा.

1982 साली त्याने एका मोसमात 130 बेस चोरले. आधीचा विक्रम लू ब्रॉकचा, 1974 मधला, 118. पण मला त्या मोसमातला दुसरा आकडा जास्त आवडतो: 42 वेळा तो पकडला गेला, आणि तोही विक्रमच! भर मैदानात इतक्यांदा फजिती होऊनही पुढच्या संधीला हा आपला पुन्हा पळायला तयार.

1 मे 1991 ला ओकलंडमध्येच, न्यूयॉर्कच्या यांकीज संघाविरुद्ध, तिसरा बेस चोरून त्याने ब्रॉकचा 938 चा कारकिर्दीतला विक्रम मोडला. बेस उपटून डोक्यावर धरला आणि ब्रॉकच्या देखत माइकवर सांगितलं की, आजपासून सर्वश्रेष्ठ मीच. लोकांना ते फार झोंबलं. मला विचारशील तर खोटं काय बोलला? पुढे तो 1406 वर थांबला, म्हणजे ब्रॉकच्या जवळजवळ दीडपट. गंमत म्हणजे त्याच रात्री टेक्सासात चव्वेचाळिशीच्या नोलन रायन या पिचरने सातवा नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात समोरच्या संघाला एकही हिट मिळू दिला नाही, आणि रिकीचा निम्मा भाव खाऊन टाकला.

तरी चोऱ्यांपेक्षा मी त्याच्या रन्सना मोठं मानतो. 2295 रन्स, आजही कुणी पुढे गेलेलं नाही. फलंदाजीला उभा राहताना तो इतका वाकायचा की पिचरला नेम धरायला जागाच उरायची नाही. पिचरचे चार चेंडू नेमाबाहेर गेले की फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो; असा 2190 वेळा तर तो नुसता चालत तिथे गेला. एकदा तिथे पोचला की पुढचं पिचरचं नशीब!

1998 मध्ये, एकोणचाळिशीत, 66 बेस चोरून तो अमेरिकन लीगमध्ये, म्हणजे इथल्या दोन मोठ्या लीगांपैकी एकीत, पहिला आला. 2003 नंतर मोठ्या संघांनी दारं लावली, तर गडी न्यूअर्क, सॅन डिएगो अशा ठिकाणी किरकोळ लीगमधल्या संघांकडून खेळत राहिला, थेट 2005 पर्यंत. हॉल ऑफ फेमची, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या यादीत जाण्याची, घाई त्याला नव्हतीच. ते 2009 मध्ये झालं.

त्याचा जुना संघ, ए’ज (म्हणजे ॲथलेटिक्स), सप्टेंबरात ओकलंड सोडून गेला. या मोसमापासून सॅक्रामेंटोत खेळणार. मे महिन्यात येणार असशील तर आधी कळव, तिकिटं काढून ठेवतो. फक्त फलंदाजाकडे बघत बसू नकोस, पहिल्या बेसवरच्या गड्याचे पाय बघ. काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश