मृगाआधी हवेत : हातपंखे, स्पेसर आणि सिलिंडर

दापोली-मंडणगड पट्ट्यातल्या ग्रामस्थांना आणि मुंबईकर चाकरमान्यांना नमस्कार. धाप लागणाऱ्या रुग्णांसाठी हे मदतीचे आवाहन.

आपल्याकडे सरसकट 'दमा' म्हणतात त्यातले बरेच रुग्ण सीओपीडीचे असतात. विडीने, नाहीतर वर्षानुवर्षांच्या चुलीच्या धुराने फुफ्फुसातल्या नळ्या कायमच्या अरुंद झालेल्या. धाप लागली की त्यांना हवा आत येत नाही असे वाटते. खरी अडचण बहुधा उलटी असते, आधीची हवाच पुरती बाहेर पडत नाही. घाबरून श्वास जलद झाला की सोडायला वेळ आणखी कमी मिळतो, छाती फुगलेलीच राहते आणि भीती वाढते. 'मनाचे खेळ' म्हणून त्यांना झिडकारू नका. झोपेची गोळीही आपल्या मनाने देऊ नका, तिने श्वास मंदावू शकतो.

रुग्णाला पुढे झुकवून, कोपरे मांड्यांवर टेकवून बसवा. 2 आकडे नाकाने श्वास, मग गरम पेजेवर फुंकर घालतो तसे ओठ करून 4 आकडे हळू सोडायचा, जोर लावायचा नाही. बॅटरीचा छोटा पंखा वीतभर अंतरावरून नाकागालांवर धरा. त्याने ऑक्सिजन वाढत नाही, पण धापेची जाणीव कमी होते. भोवती जमून 'काय होतंय?' विचारणारे शेजारी अंगणात बरे. ओठ निळे पडले, वाक्य पुरे होईना किंवा गुंगी आली, तर मात्र थेट 108.

असे 15 पंखे आणि 20 स्पेसर हवे आहेत. स्पेसर म्हणजे दम्याच्या पंपाला जोडायची पोकळ नळी, ती नवीच द्या. पंपाचा फवारा नुसता तोंडात मारला की औषध घशालाच चिकटते.

खर्चाची बाब विजेची. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर इथे कित्येक दिवस लाइट नव्हती. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारा, मिनिटाला 5 लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण 350 वॅट खातो, 150 एएचची एक बॅटरी त्याला जेमतेम 3-4 तास पुरते. म्हणून 2 बॅटऱ्या आणि ऑक्सिजनचे बी प्रकारचे 4 सिलिंडर घ्यायचे आहेत. 1500 लिटरचा असा सिलिंडर मिनिटाला 2 लिटरने 12 तास चालतो. घरचे घाबरून काटा 4 वर नेतात, मग तो 6 तासांत संपतो, आणि काही रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून त्यांना गुंगी येते. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या आकड्याची चिठ्ठी चिकटवूनच आम्ही सिलिंडर देतो.

2021 साली घेतलेले कॉन्सन्ट्रेटर कुणाच्या माळ्यावर असतील तर तेही द्या, बंद असले तरी. आपल्या दमट हवेत पडून त्यातले नायट्रोजन शोषणारे झिओलाइट ओल धरते आणि ऑक्सिजनची शुद्धता घसरते. यंत्र सुरू होते, वाराही येतो, म्हणून कुणाला कळत नाही. आम्ही मीटरवर तपासूनच रुग्णाकडे धाडतो.

रोख देणगीची पावती ग्रामपंचायत सभागृहात, रविवारी सकाळी. सिलिंडर पोचवायला टेम्पोवालेही हवेत. सिलिंडर उभा बांधायचा, आणि गंजून घट्ट झालेल्या चावीला खोबरेल अजिबात लावायचे नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेते.