विषय: इंटर्नल मोडेमचं काम आमच्या प्रोसेसरवर ढकलल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या मदत केंद्राचा फोन आत्ताच ठेवला. आता लेखीच सांगतो.

तुमच्या या इंटर्नल मोडेमच्या कार्डवर डीएसपी चिप, म्हणजे सिग्नलचं गणित करणारी चिप नाही, मोडेमचा कारभार चालवणारा कंट्रोलरही नाही. सिग्नल उलगडणं, लाइनवरचा प्रतिध्वनी काढणं, चुका दुरुस्त करणं हे सगळं तुमचा ड्रायव्हर आमच्या पेंटियमकडून करून घेतो. तुम्हाला ते ठाऊक आहे. खोक्यावर मात्र फक्त वेग आणि मानक: '५६ के, व्ही.९०'.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. डिझाइनच्या फाइली मुंबईच्या व्यापाऱ्याला ईमेलने जातात. कनेक्शन लागलं की विंडोज ९८च्या सिस्टीम मॉनिटरमध्ये प्रोसेसरचा आलेख चढतो, तो लाइन तोडेपर्यंत उतरत नाही. एकही पान उघडलेलं नसलं तरी कॅरिअर, म्हणजे लाइनवरचा अखंड सिग्नल, सांभाळावाच लागतो ना! त्यात डिझाइनचा प्रोग्राम उघडला की माउस अडखळतो, मोडेम रीट्रेन होत, म्हणजे पलीकडच्या मोडेमशी पुन्हा जुळवून घेत बसतो आणि लाइन तुटते. अर्धी गेलेली फाइल पुन्हा पहिल्यापासून. कॉलचे पैसे आम्ही भरायचे.

आज तुमच्या माणसाने आधी गाव विचारलं. सोलापूर म्हटल्याबरोबर, "तिकडच्या लाइनीच खराब असतात." मी सांगितलं, याच लाइनवर, याच कॉम्प्युटरला शेजाऱ्यांचा सीरियल पोर्टचा एक्स्टर्नल मोडेम लावला, आलेख तळाशी राहिला आणि लाइन टिकली. तो गप्प. मग म्हणाला, "ऑनलाइन असताना दुसरं काही चालवू नका." अहो, दुसरं काही म्हणजे आमचा धंदा! त्यावर, "मग पेंटियम थ्री घ्या." आणि वर, "एवढं कळतं तर आम्हाला फोन कशाला करता?" असं गिऱ्हाइकाशी बोलतात? माल खपवताना सोलापूर चाललं, तक्रार आली की लाइन खराब.

तुमचाच जुना ३३.६ केचा मोडेम आमच्याकडे वर्षानुवर्षं बिनतक्रार चालला. त्याच्यावर स्वतःची चिप होती. त्या विश्वासावर हा घेतला. प्रोसेसर राबवणार हे खोक्यावर छापलं असतं, तर हात लावला नसता.

स्वतःची डीएसपी चिप असलेला मोडेम बदलून द्या, नाहीतर पूर्ण पैसे परत करा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, १९८६ खाली सोलापूरच्या जिल्हा ग्राहक मंचात अर्ज दाखल करणार. शेजाऱ्यांचा मोडेम तिथे लावून दाखवायची माझी तयारी आहे.

सोबत: बिलाची झेरॉक्स