पंधरा वर्षांच्या अटीत अडकलेले म्हातारपण

आखातातून कागदपत्रांविना परतलेल्या कामगारांच्या हलाखीवरचा रविवारच्या अंकातील लेख वाचला. तो पटला, पण मदतीतली खरी अडचण त्यात आलेली नाही.

श्रावणबाळ योजनेतून ६५ वर्षांवरील निराधारांना दरमहा १,५०० रुपये मिळतात. त्यासाठी वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवे आणि महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचे वास्तव्यही. भवानी पेठेतील आमचे शेजारी चाचा इथेच जन्मले, इथल्याच शाळेत शिकले. सेंटरिंगच्या कामाला परदेशी गेले. पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला, व्हिसा संपला आणि पुढची सतरा वर्षे ते लपूनछपून राबले. ना भविष्य निर्वाह निधी, ना सेवाअखेरची रक्कम. आता गुडघे गेलेत आणि वास्तव्याच्या दाखल्यासाठी मधल्या वर्षांचा पुरावा मागितला जातो. तो ते कुठून आणणार? त्या वर्षांत त्यांनी पाठवलेल्या पैशांवरच इथले घर चालले.

ज्यांचा जन्म आणि शाळेचा दाखला महाराष्ट्रातला आहे, त्यांची परदेशी जाण्यापूर्वीची वर्षे वास्तव्यात धरावीत. सामाजिक न्याय विभागाने तसा शासन निर्णय काढावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, भवानी पेठ, पुणे