पर्सेंटाइलशेजारी मार्कही छापा

संपादक महोदय,

इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेचा, म्हणजे सीईटीचा, निकाल लागला त्या संध्याकाळी आमच्या मजल्यावरची एक मुलगी मोबाइल घेऊन दारात उभी राहिली. मागोमाग पेढ्यांचा पुडा घेऊन तिची आई. मोबाइलवर आकडा होता ८८.४२१६५३७. आई म्हणाली, "अठ्ठ्याऐंशी टक्के पडले हो!" मुलीने मात्र हळूच विचारलं, "काका, पण मला मार्क किती पडले?" मी ३१ वर्षं ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवलं, पण दशांशचिन्हापुढे सात आकडे मिरवणाऱ्या त्या स्कोअरकार्डावर या साध्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

तोंडात पेढा असताना सांगणं जिवावर आलं, पण सांगितलं. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. तुझ्या सत्रातल्या दर शंभर मुलांपैकी साधारण ८८ जणांचे मार्क तुझ्याइतके किंवा तुझ्याहून कमी आहेत, एवढंच तो आकडा सांगतो. समजा चार लाख मुलं परीक्षेला बसली, तर ४६ हजारांच्या वर मुलं तुझ्या पुढे आहेत. आईने तरीही पुडा शेजारच्या घरी नेलाच, आणि बरं केलं.

परीक्षा अनेक दिवस, सकाळ-दुपारच्या सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी. कुणाच्या वाट्याला अवघड येते, कुणाच्या सोपी. म्हणून तुलना ज्या त्या सत्रातच करायची, हे मला मान्य आहे. प्रत्येक सत्रातला पहिला शंभरावर जातो, म्हणून शंभर पर्सेंटाइलवाले एकाहून जास्त निघतात. माझी तक्रार हिशेबाबद्दल नाही, तो मुलांना दाखवत नाहीत याबद्दल आहे.

त्या मुलीने रिस्पॉन्स शीट, म्हणजे तिने निवडलेल्या उत्तरांची यादी, आधीच डाउनलोड करून ठेवली होती, पण मार्क मोजायची हिंमत केली नव्हती. मग आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर पेन्सिल घेऊन बसलो. दीडशे प्रश्न, गणिताचा प्रत्येक दोन मार्कांचा, फिजिक्स-केमिस्ट्रीचा एकेक, एकूण दोनशे. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळे शेवटच्या दहा मिनिटांत तिने चक्क 'अडम तडम तडतड बाजा' करून पर्याय निवडले होते. त्यातले तीन बरोबर निघाले, याचा आनंद तिला पर्सेंटाइलपेक्षा जास्त झाला. बेरीज आली ९१. तेवढ्यात मुलुंडच्या मैत्रिणीचा फोन आला: तिला वेगळ्या सत्रात ९७, आणि पर्सेंटाइल ८६! दोन्ही आकडे बरोबर असू शकतात. पण ज्या घरात हे समजावणारं कुणी नाही, तिथे "काहीतरी गडबड आहे" हेच वाक्य उरतं.

आणि असं वाटायला कारणही घडलंय. २०२५ मध्ये २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या एकवीस प्रश्नांचे पर्यायच चुकले होते. सुमारे २७ हजार मुलांना ५ मे रोजी पुन्हा परीक्षा द्यावी लागली. फेरपरीक्षा घेतली ते योग्यच झालं, पण दुधाने तोंड पोळलेले पालक आता ताकही फुंकून पिणार.

ही परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलने स्कोअरकार्डावर पर्सेंटाइलशेजारी विषयवार मूळ मार्क छापावेत. त्या सत्रात किती मुलं बसली आणि त्यात सर्वांत जास्त मार्क किती पडले, तेही खाली एका ओळीत द्यावं. यासाठी नवी समिती नको की नवं सॉफ्टवेअर नको. हे आकडे त्यांच्याकडे असणारच. नाहीतर सात दशांश स्थळांपर्यंतचा पर्सेंटाइल काढला कशावरून?

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक
भांडुप (पूर्व), मुंबई