'स्टॉक' उरले ते नावापुरतेच

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतील नॅस्कार मोटार शर्यतींवरील लेखात 'शोरूममधलीच गाडी ट्रॅकवर उतरते' असे म्हटले आहे. आज ते खरे नाही. एकेकाळी होते. 1949 च्या पहिल्या 'स्ट्रिक्टली स्टॉक' (म्हणजे फेरफार न केलेल्या, शोरूममधल्या गाड्यांच्या) शर्यतीत शार्लट येथे पहिला आलेला ग्लेन डनवे मागच्या स्प्रिंगांतील फेरफारामुळे बाद ठरला. 1969 मध्ये उंच पंखाची 'चार्जर डेटोना' ही गाडी ट्रॅकवर आणण्यासाठी डॉज कंपनीला तशा किमान 500 गाड्या ग्राहकांसाठी बांधाव्या लागल्या. चाहत्याने पाहिलेली गाडी त्याला खरोखर विकत घेता येत होती.

आजची टोयोटा कॅमरी पाहा. ग्राहकाला मिळते ती 2.5 लिटरची, चार सिलिंडरची हायब्रिड; पुढच्या चाकांना इंजिनाची ओढ, हवी तर चारही चाकांना. ट्रॅकवर मात्र 5.86 लिटरचे व्ही-8 इंजिन, मागच्या चाकांना ओढ आणि प्रत्येक चाकाला मधोमध एकच नट. दार उघडत नाही. चालक खिडकीतून आत शिरतो आणि मग खिडकीला जाळी लावली जाते. हेडलाइट म्हणजे स्टिकर. 2022 पासून चॅसी (गाडीचा सांगाडा), गिअरबॉक्स, सस्पेन्शन टोयोटा, फोर्ड आणि शेवरले या तिन्ही कंपन्यांच्या गाड्यांना सारखेच, ठरलेल्या पुरवठादारांचे. कंपनीचे स्वतःचे म्हणावे ते इंजिन आणि बाह्यरूप. शेवरलेने कॅमारो या गाडीचे उत्पादन थांबवल्यावरही ती शर्यतीत धावत राहिली, ते यामुळेच.

फोर्ड की शेवरले यावर चाहते आजही हिरिरीने वाद घालतात. त्यांच्या निष्ठेबद्दल लिहिताना हा फरक एका चौकटीत तरी द्यायला हवा होता.

– एक वाचक, पुणे