टेबलाच्या पायांचे तुकडे जपणाऱ्या सुतारकाकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

मजुरी हातात पडली, आता हिशेब मिटला, असे म्हणून तुम्ही त्या दिवशी निघालात. माझ्या लेखी तो मिटलेला नाही. समोर उभे राहून तुम्ही आभार मानू देत नाही, म्हणून हे पत्र चार लोकांच्या देखत लिहीत आहे. तुमच्या इच्छेप्रमाणे तुमचे नाव त्यात घातलेले नाही.

आम्ही मायलेकी पुण्यातल्या या दोन खोल्यांत राहायला आलो, तेव्हा मी एका मोठ्या दुकानातून हप्त्यांवर पलंग आणि अभ्यासाचे टेबल घेतले होते. पहिल्याच पावसाळ्यात भिंतीला ओल आली, टेबलाचे पाय खालून फुगले, कडेची चकचकीत पट्टी सुटली आणि आतून दाबलेला भुसा बाहेर आला. दुकानात गेले तर ‘ओल तुमच्या घराची आहे, माल चांगलाच होता’ एवढेच ऐकून घ्यावे लागले. हप्ते मात्र शेवटपर्यंत नेमाने कापले गेले. पुढे नात्यातल्या ओळखीने नारायण पेठेतल्या एका वाड्यातले जुने टेबल फुकट मिळाले, तर ते दुरुस्त करून द्यायला कोणी सुतार तयार होईना. एकाने टेबलाकडे न पाहताच ‘ताई, एवढ्या मजुरीत नवे येईल’ असे सांगितले. दुसऱ्याने आगाऊ रक्कम घेतली आणि नंतर फोन उचलणेच बंद केले. आमच्याच इमारतीतल्या एका बाईंनी तर जिन्यात विचारले, ‘लोकांनी टाकलेले घरात कशाला आणता?’ तो प्रश्न माझ्या लेकीच्या कानावर पडला, याचे मला अजून वाईट वाटते.

तुम्ही आलात ते आधी जमिनीवर बसलात. टेबल उलटे करून त्याच्या पोटाशी बोटांनी टिचक्या मारल्यात, सांध्यांच्या फटीत नख घालून पाहिलेत, वाळवीची माती आणि भुंग्याची भोके शोधलीत आणि मग म्हणालात, ‘सागवान आहे. हाडाने शाबूत आहे.’ वाडा पाडायला निघण्यापूर्वी ज्या आजींनी ते टेबल मला दिले, त्यांनी सांगितलेली हकीकत मी तुम्हांला तेव्हा सांगितली. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, तेव्हा हे टेबलही पुरात सापडले होते. पाणी ओसरल्यावर घरच्यांनी ते चौकात वाळत ठेवले आणि पुन्हा वापरायला काढले. तुम्हांला त्यात नवल वाटले नाही. सागाच्या अंगातच तेल असते, त्यामुळे तो पाण्याला सहसा दाद देत नाही, असे तुम्ही म्हणालात. टेबलाला एकही खिळा नव्हता, खोबणीत बसवलेले सांधे सरसाने, म्हणजे जुन्या पद्धतीच्या गोंदाने, चिकटवलेले होते. सरस ओलाव्याने आणि उष्णतेने सुटतो, म्हणूनच असा सांधा न तोडता उघडता येतो, साफ करता येतो आणि पुन्हा पक्का बसवता येतो, हे तुम्ही मला सांधा उघडून दाखवलेत. माझे हप्त्यांचे टेबल एका भिंतीच्या ओलीने संपले होते आणि ते दुरुस्त करण्याची सोयच त्याच्या घडणीत नव्हती. इतका सरळ खुलासा मला त्या दुकानात कोणीही केला नव्हता.

पॉलिश पेपर आणि चपडीचे, म्हणजे लाखेच्या पॉलिशचे, हात यांविषयी मी फार लिहीत नाही. ते काम टेबलाकडे पाहणाऱ्याला आपोआप दिसते. मला लिहायचे आहे ते पायांविषयी.

टेबल मोठ्या माणसाच्या उंचीचे होते. माझी लेक दुसरीत आहे. लिहायला बसली की तिचे खांदे कानांपर्यंत चढत आणि पाय अधांतरी लोंबकळत. टेबलाचे पाय कापून टाका, असे मी सांगितले. तुम्ही तिला खुर्चीवर नीट बसवलेत, तिच्या कोपरापासून जमिनीपर्यंतचे माप घेतलेत आणि बारीक दातांच्या करवतीने चारही पाय तेवढेच कापलेत. निघालेले तुकडे मी केराच्या टोपलीत टाकणार, तोच तुम्ही हात आडवा धरलात. प्रत्येक तुकड्यावर आणि त्याच्या पायावर पेन्सिलीने एक ते चार असे आकडे घातलेत, पायांच्या बुडाशी भोके पाडलीत, तुकड्यांत लाकडी खुंट्या बसवल्यात, आणि करवतीच्या पात्याने जेवढे लाकूड खाल्ले तेवढी उंची भरून काढायला चार पातळ चकत्याही कापून ठेवल्यात. हे सगळे माझ्या जुन्या ओढणीच्या पिशवीत घालून पिशवी टेबलाखाली आतल्या बाजूला टांगलीत. मग माझ्याशी नव्हे, तिच्याशी बोललात: ‘आठवीत गेलीस की मला बोलव. मी नसलो तरी कोणताही सुतार जोडून देईल. आकडे बघून लावायला सांग.’

काका, या घरात आल्यापासून आमच्याबद्दल जो तो ‘सध्यापुरते’ या एका शब्दात बोलत होता. घरमालक, नातेवाईक, दुकानदार, सगळ्यांच्या लेखी आमचा संसार तात्पुरता होता आणि त्यात कोणतीही वस्तू चालून जाणार होती. तुम्ही मात्र माझी मुलगी आठवीत जाईल आणि तेव्हाही हे टेबल तिच्याजवळ असेल, असे धरूनच चाललात. त्या कामाची वेगळी मजुरी तुम्ही सांगितली नाहीत, आणि ते मागण्याचे मला सुचलेही नसते.

त्यानंतर वाड्याच्या खिडकीच्या झडपांची फडताळे झाली, आईच्या सुती लुगड्यांचे पडदे झाले, पत्र्याच्या ट्रंकेवर गोधडी घालून बसायची सोय झाली. एक फुकट मिळणारा पलंग मात्र तुम्ही मला घेऊ दिला नाहीत. त्याच्या सांध्यांत ढेकणांचे काळे ठिपके आहेत, ते घरभर पसरतील, असे तुम्ही स्पष्ट सांगितलेत. तो पलंग घेतला असता तर त्याची दुरुस्ती तुमच्याकडेच आली असती, ही गोष्ट मी विसरलेले नाही. आपले काम बुडाले तरी चालेल पण समोरच्याचे नुकसान नको, असे वागणारी माणसे मला याच जुन्या वस्तूंच्या नादात भेटत गेली. आमच्या गल्लीत कचरा गोळा करणाऱ्या ताई त्यांतल्याच. 1993 साली उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या कचरावेचकांच्या संघटनेतून पुढे 2008 मध्ये त्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. ताई तिच्या सभासद आहेत. कोणाच्या घरातून निघालेली, बैठकीची जाळी फाटलेली वेताची खुर्ची त्यांनी भंगारात न घालता आधी मला दाखवली आणि ‘तुमच्या मुलीच्या टेबलाला शोभेल’ म्हणाल्या.

त्या खुर्चीसाठी तुम्ही ज्या अंध कारागिरांकडे पाठवलेत, त्यांच्याकडे मी जाऊन आले. वेत भिजवून विणतात आणि वाळताना तो ताणून घट्ट बसतो, तेव्हा चांगले ऊन पडू लागले की खुर्ची आणा, असे त्यांनी सांगितले आहे. ती विणून झाल्यावर तिचा डुगडुगणारा मागचा पाय पाहायला तुम्हांला बोलावणार आहे. मजुरी तुमच्या मनाप्रमाणे सांगा, पण या वेळी चहा घेतल्याशिवाय मी तुम्हांला जाऊ देणार नाही.

आपली कृतज्ञ,
दुसरीतल्या एका मुलीची आई